वीस फूट

पाचशे पत्रिका छापून झाल्यावर कळलं,
गंगव्वाची गगव्वा झाली.
एक टिंब, बस्स.
धामणेकर काका ओरडले नाहीत.
चष्मा कपाळावर सारून एवढंच म्हणाले,
"डोळ्यांत तेल घालून बघ म्हटलो नव्हतो काय गे तुला?"

तेलच होतं की डोळ्यांत, काका.
चारनंतर तेल, सातनंतर वाळू,
आणि घरी जाऊन कुकर लावताना
गॅसच्या निळ्या ज्योतीभोवती आणखी एक ज्योत,
जी नव्हती.

खडेबाजारातलं प्रेस, लग्नसराईचे दिवस.
पत्रिकेच्या एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड,
एकाच नवऱ्याचं नाव दोनदा जुळवायचं.
मराठी अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
कन्नड गोल गोल, डोक्यावर बारकी शेंडी.
सतरा वर्षं मी दोन्हींच्या मधनं ये-जा करते
कुणाला न विचारता.
पापणीही न हलवता,
हे मात्र माझं मलाच माहीत नव्हतं.

ते पकडलं डॉक्टर हुलमनींनी,
टिळकवाडीत, तिसऱ्या गेटाच्या पलीकडे.
नंबर तपासला. होता तोच.
मग स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला,
"वाचा," म्हणाल्या, आणि घड्याळ बघत बसल्या.
मिनिटभरानं: "चारच वेळा, अक्का. चारच!
रेप्पी बडीरी…" आणि मराठी शोधत शोधत,
"डोळा मारा. मिनिटाला पंधरा वेळा
डोळा मारायला पाहिजे."

मी हसले ते थांबेना.
कंपाउंडर आत डोकावून गेला.
हसता हसता दोन्ही डोळे भरले,
आणि बाई खूश होऊन म्हणाल्या,
"हां, ह्येच! ह्येच पाणी कमी पडालंय."

बाटली दिली, नकली आसवांची.
दिवसातून चार वेळा, दोन-दोन थेंब.
एवढ्या पत्रिका जुळवल्या, कधी रडले नाही,
आता रडते घड्याळ लावून.

पंखा तोंडावर नको म्हणाल्या.
पडदा नजरेच्या जरा खाली हवा.
माझा कॉम्प्युटर उंच, दोन गठ्ठ्यांवर ठेवलेला,
न नेलेल्या पत्रिकांचे गठ्ठे.
काढले तेव्हा धूळ उडाली आणि नावं वर आली:
अनगोळची सुवर्णा, कंग्राळीचा मारुती,
खानापूरकडची कोण एक लगमव्वा,
तिची तारीखसुद्धा मीच टाकलेली.
का मोडलं, कुणी सांगितलं नाही,
उरलेले पैसेही कुणी आणून दिले नाहीत.
इतकी वर्षं त्यांच्या उरावर उभा राहून
दुसऱ्यांची लग्नं लावत होता माझा पडदा.
रद्दीत घालवेनात. माळ्यावर टाकले.

आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर बघायचं,
वीस सेकंद.
आमच्या दारातनं वीस फुटांवर काय आहे?
पावलांनी मोजून आले:
भरमाण्णा टेलरची मशीन.
त्याच्या पाटीवर जुना रंग, वर नवा रंग,
उन्हात दोन्ही दिसतात.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, ब्लाउजचं विचारायचंय.
दुसऱ्या दिवशी टेप गळ्यातनं काढून ठेवला.
तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाला,
"काय चुकलं काय माझं?"
सांगितलं त्याला वीसचं सगळं.
"मग मीपण बघतो की," म्हणाला,
"सुईत दोरा जाईना झालाय दिवाळीपासनं."

आता मोजते. पैसे मी मराठीत मोजते,
पण हे वीस का कोण जाणे
बाईंच्या आवाजात येतात:
ओंदु, एरडु, मूरु…
मध्ये एक रिक्षा, केळीवाला, वीजबिलाचा पोरगा,
आणि पलीकडे भरमाण्णा, हातातली सुई तशीच,
ओठ हलवत मोजणारा.
तो नेहमी हत्तोंबत्तुला अडकतो,
एकोणीस म्हणू की ते म्हणू.

तोवर माझा डोळा मारून होतो.
काका बघतात, बोलत नाहीत.
गंगव्वाच्या नव्या पत्रिका उद्या द्यायच्यात.